न जुळणारी सही: एका बँक शाखेतील प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण तालुक्याच्या गावातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत घडले. बँकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मी ग्राहकसेवेचे काम पाहत असताना एकाच कुटुंबाकडून एका दिवसाच्या अंतराने दोन तक्रारी आल्या आणि त्यांची चौकशी माझ्याकडे सोपवण्यात आली. शाखा, माणसे आणि ओळख पटवू शकतील असे तपशील येथे वगळले आहेत.

शाखा लहान होती. व्यवस्थापक, दोन अधिकारी, दोन लिपिक आणि एक शिपाई एवढ्या माणसांवर तिचा कारभार चालत असे. यातील एक लिपिक अकरा वर्षे त्याच गावात होता. ज्याला लिहिता येत नाही त्याची स्लिप भरून देणे, कोणाच्या घरी कोण आजारी आहे याची विचारपूस करणे, पासबुकातील नोंद न समजणाऱ्या म्हातारीला ती तीनदा समजावून सांगणे, ही कामे तो कोणी न सांगता करीत असे. समोरच्या रस्त्यावर खासगी बँकेची चकचकीत शाखा उघडल्यानंतरही जुने खातेदार हलले नाहीत, याचे श्रेय शाखेतील सगळेच त्याला देत आणि माझ्या मते ते योग्यच होते. पुढे त्याच्या चुकांविषयी बरेच लिहायचे आहे, म्हणून हे आधी नोंदवून ठेवतो.

खातेदार ७४ वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत आणि हा लिपिकही त्यांच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला होता. त्यांचे निवृत्तिवेतन कोषागारामार्फत या शाखेतील बचत खात्यात जमा होई. खाते पूर्वी पतिपत्नींच्या संयुक्त नावावर होते, परंतु तीन वर्षांपूर्वी पत्नीचे निधन झाल्यावर त्यांचे नाव कमी करण्यात आले आणि खाते एकट्या गुरुजींच्या नावावर राहिले. वारस म्हणून मुलीचे नाव नोंदवलेले होते. वारसनोंद असली म्हणजे खातेदाराच्या हयातीतही त्या व्यक्तीला व्यवहार करता येतो, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नसते. खातेदार जिवंत असेपर्यंत नोंदवलेल्या वारसाला खात्यावर कोणताही अधिकार नसतो. गुरुजींनी धनादेशपुस्तिका कधी मागितली नव्हती आणि एटीएम कार्डही घेतले नव्हते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतः शाखेत यायचे, स्लिपवर ठसठशीत सही करायची आणि पासबुक भरून घ्यायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

ऑगस्टमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टरांच्या मते त्यांना ऐकलेले समजत होते, फक्त बोलता येत नव्हते. या पुढच्या साऱ्या घटनांचा गाभा याच एका वाक्यात आहे. पण नोव्हेंबरपर्यंत शाखेतील कोणीही डॉक्टरांचे हे मत विचारले नव्हते.

अडचण कशी उभी राहिली

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींचा मुलगा पैसे काढण्याची स्लिप घेऊन शाखेत आला. सहीच्या जागी डाव्या हाताने ओढलेली एक वेडीवाकडी रेघ होती. लिपिकाने ती पाहिली, वडिलांची चौकशी केली, "गुरुजींना सांग, पैशांची काळजी करू नका," असे म्हटले आणि स्लिपच्या मागे "खातेदार आजारी" असा शेरा लिहून ती स्वतः उठून पासिंग करणाऱ्या, म्हणजे स्लिप तपासून मंजूर करणाऱ्या, अधिकाऱ्याकडे नेली. अधिकारीही जुना होता आणि गुरुजींना ओळखत होता. स्लिप पास झाली आणि १८ हजार रुपये मुलाच्या हाती पडले. ऑक्टोबरमध्ये तेवढीच रक्कम त्याच पद्धतीने गेली.

या दोन व्यवहारांमध्ये कोणाचा काही स्वार्थ होता असे चौकशीत कोठेही आढळले नाही. पैसे औषधोपचारांवरच खर्च झाले होते. परंतु बँकेच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे. खातेदाराचे पैसे बँकेने त्याच्या आदेशावरूनच द्यायचे असतात आणि सही हा त्या आदेशाचा पुरावा असतो. सही खातेदाराची नसेल तर आदेशच नसतो, आणि मग दिलेली रक्कम त्याच्या खात्यावर टाकण्याचा हक्क बँकेला उरत नाही. ती रेघ गुरुजींनी ओढली होती की आणखी कोणी, हे शाखेतील कोणालाही सांगता आले नसते, कारण ओढताना कोणीही पाहिले नव्हते.

येथे एक गोष्ट मला चौकशीच्या पहिल्याच दिवशी खटकली. गुरुजींचे घर शाखेपासून चालत दहा मिनिटांवर होते. दोन महिन्यांत शाखेतील एकही माणूस त्यांना पाहायला गेला नव्हता. ज्या आपुलकीपोटी स्लिप पास झाली, ती आपुलकी काउंटरच्या आतच राहिली होती. लिपिकाला मी याविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, त्यांना तसं पाहवलं नसतं मला." हे उत्तर खोटे नव्हते, पण नियमापेक्षा आपण माणूस मोठा मानला असे म्हणणाऱ्याने निदान त्या माणसाला भेटायला तरी हवे होते.

ऑक्टोबरअखेर पासिंग करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि शहरातील मोठ्या शाखेतून एक तरुण अधिकारी आला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगा पुन्हा आला. या वेळी रुग्णालयाचे बिल आणि व्यायामोपचाराचा खर्च म्हणून स्लिप ६० हजारांची होती. शिवाय नोव्हेंबर असल्यामुळे हयातीच्या दाखल्याचा प्रश्नही होता. कोषागाराकडून बँकेत आलेल्या यादीत निवृत्तिवेतनधारकाने या महिन्यात आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करावा लागतो. तो न झाल्यास पुढचे निवृत्तिवेतन थांबते. मुलाने दोन्ही कामे एकदम सांगितली.

नव्या अधिकाऱ्याने पडद्यावरील नमुना सही पाहिली, स्लिपवरील रेघ पाहिली आणि स्लिप परत केली. सही जुळत नाही, खातेदाराला घेऊन या, असे त्याने सांगितले. ते अंथरुणाला खिळलेले आहेत, असे मुलाने सांगितल्यावर, "मग कोर्टातून ऑर्डर आणा," असे उत्तर मिळाले. यातील पहिले वाक्य बरोबर होते, दुसरे अव्यवहार्य होते आणि तिसरे चूक होते. मुलाचा आवाज चढला. गेले दोन महिने चालले ते आजच का चालत नाही, हा त्याचा प्रश्न होता आणि शाखेत त्याचे उत्तर कोणाकडेही नव्हते.

त्याच दुपारी गुरुजींच्या मुलीचा परगावाहून फोन आला. भावाने रागाच्या भरात तिला सगळे सांगितले होते. फोन लिपिकाने घेतला. तिला धीर देण्याच्या हेतूने त्याने सांगितले की, ताई, काळजी करू नका, दर महिन्याला १८ हजार व्यवस्थित गेले आहेत आणि खात्यावर अजून अमुक इतकी शिल्लक आहे. मुलीने शांतपणे विचारले, "बाबांना सही करता येत नाही, मग पैसे कोणाच्या सहीने दिलेत?"

दुसऱ्या दिवशी तिची तक्रार आली. वडिलांच्या सहीशिवाय दोनदा पैसे दिले गेले, त्याचा खुलासा व्हावा आणि खात्यावरील व्यवहार थांबवावेत, असे तिचे म्हणणे होते. त्याच्या पुढच्या दिवशी मुलाची तक्रार आली. आजारी ज्येष्ठ नागरिकाचे स्वतःचे पैसे उपचारासाठी देण्यास शाखा नकार देत आहे आणि अपमानास्पद वागणूक देत आहे, असे त्याचे म्हणणे होते. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या.

समोर असलेले पर्याय

शाखेच्या व्यवस्थापक चार महिन्यांपूर्वीच तेथे रुजू झाल्या होत्या. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या व्यवहारांची त्यांना कल्पना नव्हती. तक्रारी हाती आल्यावर त्यांनी दोन्ही अधिकारी आणि लिपिकाला संध्याकाळी एकत्र बसवले. त्या बैठकीचे टिपण मी पाहिले आहे आणि ते प्रामाणिक आहे.

पहिला पर्याय जुनी पद्धत चालू ठेवण्याचा होता. लिपिकाचा आग्रह तोच होता. गावात गुरुजींना कोण ओळखत नाही, असे तो म्हणाला. परंतु ओळख आणि आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरातच मतभेद आहेत हे लेखी आल्यानंतर तर या मार्गाने जाणे शक्यच नव्हते.

दुसरा पर्याय नव्या अधिकाऱ्याचा होता: खात्यातून पैसे देणे थांबवावे आणि न्यायालयाचा आदेश येईपर्यंत वाट पाहावी. वरवर पाहता यात बँकेला धोका नव्हता आणि मुलीची मागणीही याच्याशी जुळत होती. पण न्यायालयाने पालक नेमण्याचा प्रश्न येतो तो माणसाची समज गेल्यावर. गुरुजींची समज गेली आहे, असे कोणी म्हणत नव्हते. ज्याला सगळे समजते, पण हात चालत नाही, अशा माणसाला बँकेने असमर्थ ठरवून त्याच्याच पैशांसाठी कोर्टात पाठवणे म्हणजे स्वतःच्या सुरक्षिततेची किंमत त्याच्याकडून वसूल करणे होय. माझ्या अनुभवात शाखा या वाटेला सर्रास जातात, कारण नकार दिला म्हणून कोणाची विभागीय चौकशी सहसा होत नाही.

तिसरा पर्याय मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार दुसऱ्याला देण्याचा, होता. त्यात दोन अडचणी होत्या. कुलमुखत्यारपत्राने साऱ्या खात्याचा ताबा एका माणसाकडे जातो, आणि घरात संशय निर्माण झालेला असताना ते कोणाच्या नावे करायचे हाच वादाचा विषय झाला असता. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की दिलेला अधिकारही संपतो. झटका पुन्हा येऊ शकतो हे लक्षात घेतले, तर ज्या दिवशी कुटुंबाला या कागदाची सर्वाधिक गरज भासेल त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरण्याची शक्यता होती. अनेक कुटुंबांना आणि, खेदाने सांगावे लागते, अनेक बँक कर्मचाऱ्यांनाही हे ठाऊक नसते.

चौथा पर्याय एटीएम कार्डाचा होता. बैठकीत तो दबक्या आवाजात निघाला: गुरुजींच्या नावे कार्ड काढावे, पिन मुलाला मिळेल, पुढचे पुढे. हा मार्ग घरोघरी वापरला जातो, हे खरे. पण कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या हाती देणे हा बँकेच्या अटींचा भंग असतो आणि काही गैर घडले तर जबाबदारी खातेदारावर येते. बँकेनेच तो सुचवणे म्हणजे आपल्या माथ्यावरचा धोका अंथरुणावरच्या माणसाच्या माथी मारणे. व्यवस्थापकांनी हा विषय लगेच बंद केला. मुलाचे नाव संयुक्त खातेदार म्हणून जोडण्याच्या सूचनेचेही तेच झाले, कारण त्यालाही शेवटी गुरुजींचीच संमती आणि सही लागणार होती, आणि प्रश्न तर सहीपाशीच अडला होता.

मग व्यवस्थापकांनी कपाटातील रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांची फाइल काढली. ग्राहकसेवेवरील मुख्य परिपत्रकात वृद्ध, आजारी आणि असमर्थ खातेदारांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहे. त्यात दोन प्रकारचे खातेदार गृहीत धरले आहेत: जो सही करू शकत नाही किंवा बँकेत येऊ शकत नाही, पण अंगठा उठवू शकतो असा, आणि ज्याला अंगठाही उठवता येत नाही असा. पहिल्या प्रकारात हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा आणि तो बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. दुसऱ्या प्रकारात स्लिपवर कोणतीही खूण घेतली तरी चालते, साक्षीदारांची अट तीच. पैसे प्रत्यक्ष कोण नेणार हे खातेदाराने सांगावे, त्या व्यक्तीची ओळख दोन साक्षीदारांनी पटवावी आणि तिची सही बँकेने घ्यावी. याला कायद्याचा आधारही जुना आहे. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ प्रमाणे ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत सही या शब्दात खूणही येते. सही आणि सही करणारा यांच्यात प्रत्यक्ष शारीरिक स्पर्श हवा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५०च्या निकालाचे सूत्र परिपत्रकातच नमूद आहे. शिवाय नोव्हेंबर २०१७च्या सूचनेप्रमाणे ७० वर्षांवरील ग्राहकांना रोख रक्कम पोचवणे, हयातीचा दाखला घेणे यांसारख्या सेवा घरी देण्याचा प्रयत्न बँकांनी करायचा आहे.

म्हणजे लिपिक जी सवलत स्वतःच्या जबाबदारीवर चोरून देत होता आणि नवा अधिकारी जी सवलत अस्तित्वातच नाही असे मानत होता, ती नियमात आधीच लिहिलेली होती. फाइल दोघांच्याही टेबलापासून चार पावलांवर होती.

घरभेट

भेटीला कोणी जायचे हा पहिला निर्णय होता. व्यवस्थापकांनी स्वतःबरोबर नव्या अधिकाऱ्याला नेले. ज्याने नकार दिला त्याने माणूस डोळ्यांनी पाहावा, हा त्यामागचा विचार होता. लिपिकानेही येण्याची इच्छा दाखवली होती. त्याला त्यांनी नेले नाही. आधीच्या दोन व्यवहारांत त्याचा सहभाग असल्याने साक्षीदार म्हणून तो चालला नसता, आणि प्रेमापोटी तो गुरुजींच्या वतीने स्वतःच उत्तरे देईल अशीही त्यांना भीती होती. दुसरा साक्षीदार म्हणून शेजारी राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक निवडले. ते शाखेचे जुने खातेदार होते आणि कुटुंबाचे नातलग नव्हते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून, रुग्णाला ऐकलेले समजते आणि तो होकार-नकार देऊ शकतो, असे लेखी मत आदल्या दिवशी आणून ठेवले होते.

मुलीला व्यवस्थापकांनी फोन करून सांगितले की खात्याची कोणतीही माहिती देता येणार नाही, परंतु अमुक दिवशी आम्ही तुमच्या वडिलांना भेटणार आहोत, आपण यावे अशी इच्छा असल्यास यावे. ती आली.

घरी पोचल्यावर व्यवस्थापकांनी मुलगा, मुलगी आणि सून यांना बाहेरच्या खोलीत बसण्याची विनंती केली. मुलगा थोडा चिडला. मुलीला वाटले आपल्यालाही का बाहेर काढले. मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणात सर्वांत अवघड आणि सर्वांत योग्य निर्णय हाच होता.

बोलता न येणाऱ्या माणसाचा होकार खरा आहे हे कसे ओळखायचे? नुसती मान हलणे पुरेसे नसते. थकलेला माणूस कोणत्याही प्रश्नाला मान हलवतो. व्यवस्थापकांनी प्रश्न उलटसुलट विचारले. तुमचे खाते पोस्टात आहे ना, असे मुद्दाम चुकीचे विचारल्यावर गुरुजींनी ठामपणे नकारार्थी मान हलवली आणि डाव्या हाताने उशाजवळच्या पासबुकाकडे बोट केले. पैसे काढायचे आहेत का, याला होकार आला; पैसे नकोत ना, याला नकार आला. मग रकमा एकेक करून सांगितल्या. ६० हजार म्हटल्यावर मान नकारार्थी हलली. पन्नासलाही नकार. ४० हजारांना होकार आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा वेगळ्या क्रमाने विचारल्यावरही होकार ४० हजारांनाच आला.

नव्या अधिकाऱ्याने हळूच विचारले की, मुलाने ६० का मागितले याचा शोध घ्यायला हवा का. व्यवस्थापकांनी नाही म्हटले. खातेदार आपले किती पैसे का काढतो हे विचारण्याचा अधिकार बँकेला तो धडधाकट असताना नव्हता, तो आजारी पडल्याने मिळत नाही.

पैसे कोणी न्यायचे, हा शेवटचा प्रश्न होता. मुलगा, मुलगी, दोघांच्या नावांना गुरुजींनी नकार दिला आणि बाहेरच्या खोलीच्या दिशेने पाहत राहिले. सुनेचे नाव घेताच त्यांनी डोळे मिटून होकार दिला. औषधे, पथ्यपाणी आणि व्यायाम हे सारे तीच पाहत होती. शाखेत मात्र गेले दोन महिने तिचे नावही कोणी ऐकले नव्हते. पैसे मुलाकडेच द्यायचे, हे सगळ्यांनी न विचारता धरून चालले होते.

स्लिपवर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, अधिकारी आणि मुख्याध्यापक यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, सुनेची सही नमुना म्हणून घेतली. हयातीच्या यादीत नावासमोरही अंगठा घेतला. त्यानंतर व्यवस्थापकांनी पासबुक उघडून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या नोंदी दाखवल्या व हे पैसे आपल्या इच्छेने काढले होते का, असे विचारले. गुरुजींनी दोन्ही नोंदींना होकार दिला. तसे टिपण करून साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. हा होकार मोलाचा होता, पण त्यामुळे शाखेची मूळ चूक पुसली जात नव्हती, हे व्यवस्थापकांनी आपल्या अहवालात स्वतःहून लिहिले.

पुढे काय झाले

मुलाच्या तक्रारीला उत्तर देणे सोपे होते. पैसे मिळाले होते, आणि कोर्टाच्या आदेशाविषयी दिलेली माहिती चुकीची होती हे बँकेने लेखी मान्य केले. मुलीचे उत्तर अवघड होते. आधीचे दोन व्यवहार विहित पद्धतीने झाले नव्हते, हे मान्य केले. त्याचबरोबर, फोनवर तिला खात्याची माहिती दिली गेली ही खातेदाराच्या गोपनीयतेची पायमल्ली होती, याबद्दल बँकेने खेद व्यक्त केला आणि अधिक माहिती देण्यास नकार दिला. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली जाहीर केलेल्या ग्राहक हक्कांच्या सनदेतील पाच हक्कांपैकी गोपनीयता हा एक आहे. मला जे कळायला हवे होते ते सांगितले म्हणून तुम्ही माफी मागता, असे ती मला फोनवर म्हणाली. तिचा त्रागा मला समजला, पण ते खाते तिचे नव्हते. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हेही पत्रात लिहिले होते. ती गेली नाही.

लिपिकाला आणि बदलून गेलेल्या अधिकाऱ्याला लेखी समज देण्यात आली. नव्या अधिकाऱ्यालाही तोंडी सूचना झाली, परंतु त्याला कागद मिळाला नाही. येथे कार्यालयाचा न्याय तोकडा पडला असे मला वाटते. चुकीचा होकार देणाऱ्याला पत्र मिळाले आणि चुकीचा नकार देणारा सुटला. शाखेतील सगळ्यांनी त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

परिणाम लगेच दिसला. लिपिकाने स्लिपा भरून देणे बंद केले. कोणी काही विचारले की तो साहेबांकडे बोट दाखवू लागला. दोन-तीन महिने काउंटरवर एक प्रकारची थंड शिस्त आली आणि काही जुन्या खातेदारांनी व्यवस्थापकांना विचारलेही की, लिपिकाला काय झाले. अखेर व्यवस्थापकांनी त्याला एक काम दिले. शाखेत येऊ न शकणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांची यादी तयार करायची. अशी यादी त्याच्याशिवाय दुसरे कोणी करूच शकले नसते. १७ नावे निघाली. त्यांतील पाच जणांचे पैसे कोण, कसे काढत होते याची शाखेला कल्पनाच नव्हती.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस, रोखीचे व्यवहार संपल्यावर, एक अधिकारी या घरांना भेट देऊ लागला. व्यवस्था आदर्श नव्हती. मार्चअखेर आणि रजांच्या काळात भेटी चुकल्या, तेव्हा दोन महिन्यांचे पैसे एकदम काढण्याचा पर्याय खातेदारांना विचारून वापरला. सहा माणसांच्या शाखेतून एक अधिकारी बाहेर गेला की मागे राहिलेल्यांचे हाल होतात, हेही खरे आहे. ही सेवा टिकवायची तर वरच्या कार्यालयाने माणूसबळाचा विचार करायला हवा, असे मी अहवालात लिहिले होते. त्यावर काही झाले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधीची संधी सप्टेंबरची नव्हती. ती तीन वर्षांपूर्वी, पत्नीचे नाव खात्यातून कमी करताना आली होती. त्या दिवशी मृत्यूचा दाखला घेतला, नाव काढले आणि काम संपले. एकटा राहिलेला सत्तरीचा खातेदार समोर बसलेला असताना, संयुक्त नाव ठेवायचे का, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचा अर्थ काय, वारसनोंदीने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे सांगायला दहा मिनिटे लागली असती. ते काम शोकाच्या दिवशी करू नये, हे मान्य. पण महिन्याभराने गुरुजी पुन्हा येणारच होते.

सप्टेंबरमध्ये लिपिकाने मुलाला परत पाठवायला हवे होते असे मी म्हणणार नाही. त्याने म्हणायला हवे होते की, स्लिप ठेव, आज संध्याकाळी आम्ही घरी येतो. एवढ्या एका वाक्याने पुढचे सारे टळले असते. ते त्याने म्हटले नाही, कारण असे म्हणण्याची सोय नियमात आहे हे त्याला माहीत नव्हते; आणि पासिंग करणाऱ्या ज्या अधिकाऱ्याला ते माहीत असायला हवे होते, त्याने विचारले नाही.

नव्या अधिकाऱ्याने स्लिप परत केली यात काही वावगे नव्हते. नियम ठाऊक नसताना ठाऊक असल्याच्या सुरात बोलणे ही त्याची चूक होती. "मी विचारून सांगतो, आपण पाच मिनिटे बसा," असे म्हटले असते, तर मुलाचा आवाज बहुधा चढला नसता.

व्यवस्थापकांच्या एका निर्णयाविषयी मी आजही साशंक आहे. मुलीला भेटीचा दिवस कळवण्याआधी त्यांनी गुरुजींना विचारले नव्हते. तिच्या येण्याने नंतरचे वाद टळले, हे खरे. तरीही आपल्या बँकेच्या कामाला घरातील कोणाला बोलवायचे हे ठरवण्याचा अधिकार गुरुजींचा होता, आणि सगळी धडपड त्यांचा अधिकार जपण्यासाठीच चालली होती. आदल्या दिवशी दोन मिनिटे जाऊन विचारता आले असते. मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी ते मान्य केले. पण बाहेरच्या खोलीत ती बसलेली नसती तर सुनेच्या नावावर घरात किती दिवस कुजबुज चालली असती, हेही त्यांनी मला विचारले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

लिपिकाला पहिल्या भेटीला न नेणे नियमाने बरोबर होते. पण त्याला त्याचे कारण सांगितले गेले नाही, आणि त्याने त्याचा अर्थ आपल्यावर अविश्वास दाखवला असा घेतला. पुढच्या थंडपणाची सुरुवात समजपत्राने नव्हे, त्या संध्याकाळी झाली, असे त्याने मला नंतर सांगितले.

सात महिन्यांनी गुरुजी काठी आणि सुनेचा हात धरून स्वतः शाखेत आले. वाचा थोडीफार परतली होती. डाव्या हाताने सही करण्याचा सराव त्यांनी घरी पाटीवर केला होता आणि त्या सहीची नवा नमुना म्हणून नोंद करून घेतली. संयुक्त नाव जोडायचे का, असे व्यवस्थापकांनी आता विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटले. घरभेटीच्या यादीतून त्यांचे नाव कमी झाले. बाकीच्या घरांना जाताना अधिकाऱ्याबरोबर आता तो लिपिकच शाईचा पॅड घेऊन जातो. गुरुजी स्वतः काउंटरवर येतात तेव्हा तो त्यांना बसायला खुर्ची देतो, स्लिप घेतो आणि त्यांच्यासमोरच पडद्यावरचा नमुना उघडून सही जुळते का ते पाहतो.